फक्कीनं आखलेलं घर

टेबलावर नकाशा पसरला की बाई आधी पदर खोचायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि नकाशातल्या एखाद्या खोलीवर बोट ठेवून म्हणायच्या, "हं. मी इथं बसले. आता सांगा, मला काय दिसतंय?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी नुसता त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो. मी सरकारी बांधकामाचा अभियंता. लोक मला काम कधी पुरं होणार ते विचारतात, ठेकेदार कोण तेही हळूच विचारतात. नकाशात बसल्यावर काय दिसतं, हे मला उभ्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं.

"भिंत दिसतीय," मी म्हणालो.

"आणि इकडं मान वळवली तर?"

"भिंतच."

"माझ्या मागं?"

"मागं दार आहे बाई."

"बरं झालं. दारातनं काय दिसतंय?"

मी नकाशात वाकून पाहिलं. "समोरची भिंत."

बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. "अहो साहेब, मग चौदा वर्षांचं पोरगं दिवसभर इथं बसून करणार काय? एका भिंतीचा कंटाळा आला की दुसरीकडं बघणार, व्हय?"

आमच्या धाराशिवला जिल्ह्याचं नवं निरीक्षणगृह बांधायचं ठरलं, तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे अगदी अलीकडची. निरीक्षणगृह म्हणजे काय हे मलाही तोवर धड ठाऊक नव्हतं. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, किंवा घडल्याचा संशय आला, तर निकाल लागेपर्यंत त्याला तुरुंगात न ठेवता अशा घरात ठेवतात. आमचं जुनं घर भाड्याच्या इमारतीत होतं. ती गळायला लागली म्हणून मुलांना 'तात्पुरतं' शेजारच्या जिल्ह्यात हलवलं. सरकारी तात्पुरतं किती लांबतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाई या घराच्या अधीक्षक. मुलं तिकडे, अधीक्षक इकडे आणि घर कुठेच नाही, अशी सगळी अवस्था होती.

"बिनघराची घरमालकीण आहे मी," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आवाज कबड्डीच्या पंचासारखा. पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला एक मोठी पर्स, तिच्यात सेफ्टी पिना, सुईदोरा, डोकेदुखीची गोळी आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. ज्याच्याशी भांडायचं असेल त्याला त्या आधी बिस्किट द्यायच्या. बिस्किट तोंडात असताना माणसाला ओरडता येत नाही, असा त्यांचा हिशेब होता. बाईंनी पर्समधून पुडा काढला की आमचे मोठे साहेब खुर्चीत सावरून बसायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते दारात दिसलं की आपण मनात म्हणतो, झालं, आता जेवणाची सुट्टी गेली. आणि ते दोन दिवस आलं नाही की आपणच शिपायाला विचारतो, अरे, बाई आल्या नाहीत का?

आम्हाला वरून जो नमुना नकाशा आला होता, तो मुळात कुठल्या तरी उपकारागृहाचा असावा. नाव तेवढं बदललेलं. बाईंनी तो पाहिला त्या दिवशी त्यांचं बोट कोपऱ्यातल्या एका गोल खुणेवर थांबलं.

"ही पाण्याची टाकी का?"

"नाही बाई. मनोरा आहे. पहाऱ्याचा."

"वर कोण चढणार?"

"तुमचा शिपाई."

"आमच्याकडं शिपाई एकच. त्याचे गुडघे दुखतात. एकदा वर गेला तर त्याला जेवायला सुद्धा दोरीनं द्यावं लागंल." मग मला बिस्किट पुढे करत म्हणाल्या, "खोडा तो मनोरा. त्या जागी झाड लावा. पोरं झाडावर चढतील, तेवढाच पहारा होईल."

बैठकीत कुणी 'कैद्यांची बराक' असा शब्द वापरला की बाई लगेच इकडे-तिकडे बघायला लागायच्या, टेबलाखालीसुद्धा वाकायच्या. "कुठंयत कैदी? मला तर दिसंनात." हा प्रयोग त्यांनी इतक्या वेळा केला की शेवटी आमचे साहेब 'कै' म्हणून थांबायचे, खाकरायचे आणि 'मुलांची खोली' म्हणायचे. मला त्या बैठकांना जायला आवडायला लागलं होतं, हे मी घरीही सांगितलं नव्हतं.

नकाशा असा हळूहळू घरासारखा व्हायला लागला. खिडक्या खाली आल्या. मधोमध अंगण आलं. वर्गाच्या खोलीतून रस्ता दिसायला लागला. पण खरी गाठ पुढेच होती, ती जागेची.

सरकारी जागा दोन. एक एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखी, एका वसाहतीच्या मागे. दुसरी शहरापासून दूर, डोंगरापलीकडच्या माळावर, जिथं एसटी फिरकत नाही. वसाहतीच्या लोकांना कळलं की मागे गुन्हेगार पोरांचं घर येतंय, आणि त्यांनी सह्या करून निवेदन दिलं. पोरं भिंतीवरून उड्या मारून आमच्या गच्च्यांवर येतील, आमच्या लेकीबाळींनी वावरायचं कसं, वगैरे. साहेब म्हणाले, कशाला कटकट, माळावरची जागा घेऊ. शांत आहे. मोर येतात तिथं.

"मोर येतात, पण पोरांच्या आया कशा येणार?" बाई म्हणाल्या.

त्या दिवशी पुडा निघाला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे नेहमीचं भांडण नाही. बैठक संपल्यावर बाई व्हरांड्यात कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. नेहमीचा आवाज खाली आला होता.

"साहेब, भूमच्या पुढं एका खेड्यात एक माय राहते. रोजानं खुरपायला जाते. तिच्या पोरानं कुणाची तरी मोटरसायकल पळवली, म्हणून ते तिकडं शेजारच्या जिल्ह्यात आहे. ही भेटायला निघते तर गाड्या बदलत बदलत जाते. पोचते तवर भेटीची वेळ संपत आलेली असते. पोराचं तोंड बघते न बघते, तर परतीची गाडी गेलेली. मग स्टँडवरच पथारी टाकते बिचारी. घरी धाकटी लेक एकटी." बाईंनी चष्मा पुसला. "मला फार काय नको. सकाळी निघालेली आई पोराजवळ निवांत बसली पाहिजे, आपल्या डोळ्यांनी त्याला जेवताना बघितलं पाहिजे, आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचली पाहिजे. घर स्टँडजवळ झालं तरच हे होतंय. न्हायतर तुम्ही माळावर राजवाडा बांधा, मला काय उपयोग?"

बाई सहा-आठ महिन्यांत सेवानिवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी येणारा अधीक्षक माळावरच्या जागेला मान डोलावून मोकळा झाला असता. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही.

वसाहतीतल्या विरोधाचे पुढारी होते अप्पा. डाळीचे व्यापारी. मूळचे उमरग्याकडचे, कपाळाला विभूती, बोलताना मधूनच कानडी. माणूस सज्जन, पण एकदा नाही म्हणाला की नाही. बाई त्यांच्या दुकानात जाऊन आल्या. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "बिस्किट खाल्लं. चहा पाजला. लई मानानं बोलले. आणि न्हाई म्हणाले."

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"साहेब, तुम्ही पाया खणायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या रेघा मारता ना?"

"फक्कीनं आखणी करतो. पण ती काम सुरू होताना."

"माझ्यासाठी आधी मारा."

"बाई, जागेला मंजुरी नाही आणि आखणी कसली?"

"घर न्हाई मागत हो. रेघाच मागतीय. वाऱ्यानं उडून जातील. कुणाचं काय जातंय?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात बिस्किट आलं.

रविवारी सकाळी आम्ही त्या मोकळ्या जागेवर गेलो. आमचे दोन मिस्त्री, दोरी, खुंट्या आणि फक्कीची, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीची, पोती. बाई बूट घालून रेघांच्या पुढे पुढे. त्यांचा एक नियम होता. एकदा रेघ पडली की ती भिंत. ती ओलांडायची नाही, दारातूनच जायचं. माझा मिस्त्री चुकून रेघेवरून पलीकडे गेला तर बाई ओरडल्या, "अरे, डोकं फुटलं असतं की!" तो बिचारा परत फिरून दारातून आला.

पण एका ठिकाणी बाई चुकल्या असं मला वाटलं. नकाशात स्वयंपाकघर होतं आग्नेयेच्या कोपऱ्यात. बाईंनी ते ईशान्येला आखायला लावलं. मी म्हणालो, "बाई, नकाशात तिकडं आहे." तर म्हणाल्या, "आज मला हितं बरं वाटतंय. मारा रेघा." बाईंच्या घरी बुद्धवंदना. वास्तू, दिशा, मुहूर्त यांना त्या घरात थारा नव्हता. तेव्हा कुठला कोपरा कुठे याचं त्यांना काही वाटत नसेल, असं मी धरून चाललो. माझी चिंता वेगळी होती. कुणी फोटो काढून साहेबांना दाखवला तर माझी आखणी चुकली असंच होणार होतं.

रेघा झाल्यावर बाईंनी मुख्य दाराच्या जागी दोन बांबू रोवले, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि पुढे रांगोळी काढली. आणि मग वसाहतीत घरोघर जाऊन सांगितलं, "नवीन घर बघायला या. चहा हाय."

लोक आले. भांडायच्या तयारीनं आले, पण आले. बायका पुढे, पोरंसोरं मध्ये आणि मागून चार माणसं घेऊन अप्पा. चेहरा एकदम कडक. ते तोरणाशी आले, रांगोळी पाहिली, थांबले आणि त्यांनी सवयीनं चपला काढल्या.

त्यांनी काढल्या म्हणून मागच्यांनीही काढल्या. त्या मोकळ्या जागेवर चपलांची रांग लागली. चपला काढून भांडण करणं जरा अवघडच जातं.

"या अप्पा, सांभाळून, उंबरा हाय," बाई म्हणाल्या. आणि अप्पांनी खरोखर पाय उचलून फक्कीची रेघ ओलांडली.

आत आल्यावर अप्पांना आपण कशासाठी आलो ते आठवलं असावं. ते ताठ होऊन सरळ पुढे निघाले, तर वसाहतीतल्याच एक काकू ओरडल्या, "अहो अप्पा, भिंतीतनं कुठं निघालाव? दार तिकडं हाय!" सगळे हसले. अप्पा ओशाळून वळले आणि दारातून गेले. त्या दारातून ते ज्या खोलीत पोचले, ती भेटीची खोली होती.

त्या खोलीत, म्हणजे चार पांढऱ्या रेघांच्या मधोमध, जमिनीवर एक बाईमाणूस बसलं होतं. अंगावर धुतलेलं जुनं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. भूमकडची ती माय. बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं आणि 'तुम्ही ह्या खोलीत बसा' एवढंच सांगितलं होतं. ऊन होतं, दहा पावलांवर लिंबाची सावली होती. पण खोलीत बसा म्हटलं म्हणून ती रेघेच्या बाहेर गेली नव्हती.

अप्पांना बघून ती सरकली. "बसा की. लई जागा हाय."

अप्पा क्षणभर उभे राहिले आणि बसले. "तुम्ही कुठल्या?"

"भूमकडची. तुमी ह्या घरचं का?"

अप्पा तिच्या डब्याकडे बघू लागले. तीच पुढे म्हणाली, "माझं पोरगं हितं आनणार म्हनत्यात. लई बरं हुईल बघा. म्या सकाळच्या गाडीनं यीन आन् सांजच्याला घरी. धाकटी येकलीच असती वो घरी. रातच्याला भेती."

"काय केलं पोरानं?"

"गाडी नेली येकाची. चूकच केली. म्या न्हाय म्हनत न्हाय." तिनं डब्यावरचं फडकं नीट केलं. "पर जेवला का न्हाय, त्ये तरी बघाया पायजे का न्हाय आईनं?"

मी थोडा लांब, वर्गखोलीत उभा होतो. मिस्त्र्यांकडे पाठ करून मी उगाच दोरी गुंडाळत राहिलो.

मग अप्पा उठले. त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं हे दिसत होतं. त्या माउलीवर रागवता येईना, बाईंवर येईना. ते तरातरा पुढच्या खोलीशी गेले, दारातूनच, आणि एकदम गरजले.

"अय्यो शिवा! हे काय केलंय? हे स्वयंपाकघर? ईशान्येला?"

"व्हय," बाई म्हणाल्या. चेहरा एकदम भोळा.

"ईशान्येला चूल कुणी मांडतंय का? देवाची जागा ती! पोरांना अन्न अंगी लागंल का असल्यानं? कोण इंजिनिअर हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीसह उभाच होतो.

"चूल आग्नेयेला पाहिजे," अप्पा मला बोलावून दाखवू लागले. "हितनं हलवा, तिकडं न्या. आणि हे अंगण थोडं आत घ्या. विहीर-बोअर कुठं? ते ह्या कोपऱ्यात घ्या, ईशान्येला. पाणी हितं, आग तिथं. एवढं कळू नये?" ते बोलत होते आणि मागची चार माणसंही बोलू लागली. एकाला संडास चुकीचा वाटला, एकाला वर्गखोलीत वारा कमी वाटला. त्या काकू म्हणाल्या, भेटीच्या खोलीला पंखा पाहिजे बाई, माय उन्हातनं येणार. चहा येईपर्यंत घराची इतकी दुरुस्ती झाली की माझ्या मिस्त्र्यांनी हात टेकले.

पंधरवड्यानं वसाहतीचं दुसरं निवेदन आलं. पहिलं मागे घेत असल्याचा उल्लेख वर एका ओळीत, आणि खाली ठळक अक्षरात: सदर इमारतीचे स्वयंपाकघर आग्नेय दिशेला करण्यात यावे. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "आग्नेयेलाच आहे ना आपल्याकडं?" मी म्हटलं, "आहे साहेब, पहिल्यापासून."

तो कागद घेऊन मी बाईंकडे धावलो. "बाई, तुम्ही मुद्दाम—"

"गप बसा," बाई म्हणाल्या. आजूबाजूला बघून हळूच पुढे वाकल्या. "कुणाच्याही घरात गेले की काय चुकलंय ते सांगितल्याशिवाय मला राहवत न्हाई. अप्पाही त्याच जातीचे दिसले मला. अप्पांनी चूल हलवली म्हणू द्या सगळ्यांना. मरेपर्यंत म्हणू द्या." आणि पुन्हा तो कारकुनाला दचकवणारा हसण्याचा गडगडाट.

अप्पा आजही तसंच सांगतात. भूमिपूजनाला त्यांनी फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्याहून फटाक्यांची लांबलचक माळ आणली आणि दुसऱ्या कुणाच्या हातात काडीपेटी दिली नाही.

भिंती कमरेएवढ्या आल्या आणि बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली, तेव्हा साहेब म्हणाले, "आता काय भांडण बाकी राहिलं?" बाई म्हणाल्या, "सवय हो." त्यानंतर त्या उमरग्याला भावाकडे राहायला गेल्या. उद्घाटनाला आल्या नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, "अहो, तिथं हार-तुरे, भाषणं. मला काय दिसणार?"

भूमकडच्या त्या माउलीचं पोरगं घर पुरं व्हायच्या आधीच सुटून घरी गेलं. तिला बसवून जी खोली आखली, त्या खोलीत तिला कधी यावंच लागलं नाही. हे मी बाईंना कळवलं तेव्हा त्या फोनवर एवढ्या खूश झाल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

मुलं आली आणि भेटीचा पहिला रविवार आला. एक नळ गळतो अशी तक्रार होती, म्हणून मी गेलो होतो. खोली भरलेली. पंखा फिरत होता. काम झाल्यावर दुपारी उशिरा मी स्टँडवर चहाला गेलो, तर फलाटाच्या बाकावर ओळखीचे पांढरे बूट.

"बाई! तुम्ही इथं? घर बघायला आलात? चला ना, दोन मिनिटांवर आहे."

"नको. तुम्ही बांधलंय म्हंजे चांगलंच असणार," त्या म्हणाल्या. नजर माझ्याकडे नव्हतीच, भूमच्या गाडीवर होती. "मला एवढंच बघायचं होतं, परतीच्या गाडीत कोण कोण बसतंय."

गाडीत खिडकीशी एक तरुण बाई बसली होती. मांडीवर रिकामा डबा. बाई उठल्या, खिडकीशी गेल्या. ओळख ना पाळख.

"भेटला का पोरगा?"

ती बाई चकित झाली, मग हसली. "भेटला की. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं. मी म्हनलं, अजून घे."

"मग?"

"घेतली की."

बाई खिडकीची दांडी धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे विचारायला आणखी काही उरलं नव्हतं, आणि हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहत होतो. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. कंडक्टरनं घंटी दिली, तेव्हा त्यांनी दांडी सोडली आणि गाडीला हात केला. मीही केला, का ते माहीत नाही.

बाईंना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. भूमची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर चांगलं ऊन होतं.